चारशे बारा जनकाबाई

सोमवारी सकाळी पाहिलं तर मोताळा तालुक्यातल्या चारशे बारा कापूस उत्पादकांचं नाव एकदम जनकाबाई किसन तायडे झालं होतं. बाप्यांचं झालं, बायांचं झालं, मागच्या महिन्यात वारलेल्या एका आजोबांचंही झालं. गावं वेगळी, गट क्रमांक वेगळे, बियाण्याच्या थैलीवरचे नंबर वेगळे, आणि नावाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत जनकाबाईच जनकाबाई. मी चहाचा कप तसाच हातात धरून स्क्रीन खाली सरकवत राहिले. खरं सांगते, पहिल्यांदा मला हसूच आलं.

मग आठवलं की ही वेबसाइट मी लिहिलेली आहे.

मी रेवती. नांदुऱ्याला स्टेशन रोडवर आल्हाद सरांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे, म्हणजे दोन खोल्या आणि तीन कॉम्प्युटर, तिथे मी कामाला होते. हे सगळं दोन हजार सतराच्या डिसेंबरातलं. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीची पार दैना केली होती. अळी लागणारच नाही म्हणून जे बियाणं घेतलं, त्याचीच बोंडं बाहेरून हिरवीगार आणि फोडली की आत अळी. मोताळ्याच्या कापूस उत्पादक मंडळाने ठरवलं की सगळ्यांच्या तक्रारी एका ठिकाणी गोळा करायच्या आणि पाहणी पथकापुढे ठेवायच्या. त्यासाठी ही साइट. सरांनी मला चार दिवस दिले होते. गुरुवारी पथक येणार होतं, आणि सातबाऱ्यावरचं नाव तक्रारीतल्या नावाशी जुळलं तरच ते वावरात पाय ठेवणार होतं.

नावं परत आणणं अवघड गेलं नाही. शनिवारची प्रत माझ्याकडे होती, रविवारी आलेल्या थोड्या तक्रारी फोन करून पुन्हा भरल्या. दुपारी एकपर्यंत प्रत्येकजण आपापल्या नावाने जागेवर आला. पण तोवर बातमी फुटली होती. मंडळाचे सचिव उत्तमराव सरांना फोनवर म्हणत होते, "बियाण्याच्या दुकानदारायनं कोनाले तरी फोडलं. आमच्या तक्रारी बुडवाले."

सरांना हे आयतंच मिळालं. ते म्हणाले, "हॅकर आहे, काका. हा त्याचा मोबाइल नंबर घ्या. सगळ्या चारशे बारा नोंदींवर शेवटचा हात याच नंबराचा आहे."

नंबर खरा होता. ज्यांच्याकडे चांगला फोन नाही त्यांच्या तक्रारी भरायला आम्ही मदतनीस ठेवायची सोय केली होती. मदतनिसाचा नंबर साइट लिहून ठेवायची. त्याचं नाव विचारायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं होतं. उत्तमरावांनी तो नंबर टिपून घेतला आणि उद्याच पोलिसात अर्ज देतो म्हणाले.

माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. चारशे बारा माणसांचं नुकसान करायला निघालेला माणूस सगळ्यांना जनकाबाई का करील? नावं पुसून टाकली असती, आकडे बदलले असते. हे म्हणजे चोराने घरात शिरून सगळ्यांना एकसारख्या टोप्या घालून जाण्यासारखं झालं.

मी मूळ जनकाबाईंनाच फोन लावला. त्या रोहिणखेडच्या.

"माह्या नावावर चारशे बारा वावरं?" त्या म्हणाल्या. "नको वं माय! एकाचीच कपाशी अळीनं खाल्ली, तेवढं पुरे हाये."

"तुम्ही नावात काही बदल केला होता का, मावशी?"

"केला ना. 'बाइ' असं आखूड पडलं व्हतं. सातबाऱ्यावर 'बाई' हाये. रविवारी आमच्या शकूरभाईले सांगतलं दुरुस्त कराले. तहसीलसमोर बसतात ते, अर्जवाले."

हे मी सरांना सांगितलं नाही. का नाही, ते मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. एवढंच वाटलं की आधी त्या माणसाला बघावं. मंगळवारी पोट दुखतंय असा निरोप धाडला, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि मोताळ्याची एसटी धरली.

तहसीलच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक लाकडी टेबल होतं, त्यावर कार्बन पेपर, शिक्क्यांचा डबा आणि काचेला तडा गेलेला एक फोन. टेबलामागे पांढऱ्या दाढीचा, बारकासा, इस्त्रीचा सदरा घातलेला माणूस बसला होता. मी त्याला बघून जरा खट्टूच झाले. हॅकर म्हणून काहीतरी वेगळं दिसायला हवं होतं.

"बस बेटा," शकूरचाचा म्हणाले. "वारसाचा की उत्पन्नाचा?"

"कसलाच नाही. मी नांदुऱ्याहून आले. ती कपाशीच्या तक्रारीची साइट मी बनवली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग ड्रॉवरमधून एक लिहून तयार असलेला कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. पोलीस निरीक्षकांना अर्ज. खालील मोबाइल क्रमांकाच्या इसमाने मंडळाच्या तक्रारींत जाणूनबुजून फेरफार केला, तरी त्याचा शोध घेऊन गुन्हा नोंदवावा. अर्जदार, सचिव, उत्तमराव. सहीची जागा रिकामी.

"सकाळी उत्तमराव सांगून गेले. चार वाजता सही कराले येतात," चाचा म्हणाले. "मंडळाचे सारे अर्ज मीच लिवतो. तीस वर्ष झाले."

मी नंबर वाचला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"हाव," ते म्हणाले. "माहाच हाये."

"मग लिहिलात कशाला?"

"लिवणं माहं काम हाये. अन् खोटं काय हाये त्याच्यात? नंबर माहा, हात माहा. फक्त मी केलं काय, तेच मले समजून नाही राह्यलं. तू कॉम्प्युटरवाली, तू सांग. मी काय केलं?"

असं कोणी विचारलं की मला राहवत नाही. पण त्यांचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता, तेही दिसत होतं. नाव पोलिसात गेलं की बसायचा परवाना गेला. त्या वर्षी दोन जणांचे असेच गेले होते. तीस वर्षांची जागा चार वाजता जाणार होती, आणि बारा वाजून गेले होते.

"रविवारी जनकाबाईंचं नाव कसं दुरुस्त केलंत, तसंच्या तसं मला कागदावर लिहून दाखवा. एक टिंब इकडचं तिकडे नको."

त्यांनी चष्मा पुसला आणि कोऱ्या कागदावर वळणदार अक्षरात लिहिलं. जनकाबाई किसन तायडे. मग शेवटच्या अक्षरानंतर वर एक उभी टिकली दिली, आणि पुढे दोन आडव्या रेघा मारल्या.

मी तो कागद माझ्याकडे ओढला. 

"हे शेवटचं काय आहे, चाचा?"

"हे? हे तं कुलूप हाये." त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "माह्या उस्तादनं शिकवलं. नाव लिवलं की वर टिकली, पुढं दोन रेघा. नावापुढं रिकामी जागा ठेवाची नाही. आमच्या इथं एका विधवेचा वारसाचा अर्ज व्हता, शकुंतलाबाईचा. लिवणाऱ्यानं नावापुढं दोन बोटं जागा सोडली. कोनीतरी त्याच शाईनं लिवलं, 'व दीर नामदेव'. बस. साहेबानं वाचलं, त्याले वाटलं बाईच म्हणून राह्यली. अर्धं वावर गेलं तिचं. तवापासून मी कागदावर, पावतीवर, फोनवर, कुठंबी नाव लिवलं की कुलूप लावतो."

मला एकदम ती साठेक नावं आठवली. यादीत मधूनमधून अशी टिकली आणि रेघा लागलेली नावं यायची. मी प्रत्येक वेळी चडफडायचे, कोण बावळट हा कचरा टाकतोय म्हणून. तक्रार भरायचं पान तयार साच्यातलं होतं, त्याला या खुणांशी देणंघेणं नव्हतं. त्याने त्या मुकाट्याने ठेवून घेतल्या. पण नाव दुरुस्त करायचं पान मी स्वतः शेवटच्या संध्याकाळी घाईघाईत जोडलं होतं.

मी त्यांचाच कागद घेतला आणि माझं वाक्य मराठीत लिहून दाखवलं. कॉम्प्युटरला मी जे सांगत होते ते असं होतं: तक्रारींच्या यादीत नाव 'अमुक' असं कर, जिथे तक्रार क्रमांक दोनशे सतरा आहे तिथे.

"त्या 'अमुक'च्या जागी तुम्ही टाइप केलेलं नाव जसंच्या तसं जाऊन बसायचं," मी म्हटलं. "दोन टिकल्यांच्या मधे. आता तुमचं नाव स्वतःचीच टिकली घेऊन आलं. कॉम्प्युटरला वाटलं, नाव संपलं. आणि पुढच्या दोन रेघांचा त्याच्या भाषेत अर्थ आहे, यापुढचं वाचू नकोस."

चाचांनी बोट ठेवत वाक्य वाचलं. टिकलीशी थांबले. रेघांच्या पुढचा भाग तळहाताने झाकला.

"तक्रारींच्या यादीत नाव जनकाबाई किसन तायडे असं कर," त्यांनी मोठ्याने वाचलं. "कुठं कर, ते राह्यलंच नाही."

"नाही राहिलं."

"म्हणून सबन जागी केलं त्यानं?"

"सगळीकडे."

ते हसायला लागले. दाढी हलेपर्यंत हसले, आणि मीही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तोसुद्धा चारशे बारा वेळा. आल्हाद सरांना ही गोष्ट समजवायला मला पाऊण तास लागला असता. यांना पाच मिनिटं पुरली, कारण यांच्या धंद्यात ही चोरी जुनी होती.

मग त्यांचं हसणं थांबलं.

"म्हणजे जागा तुह्या कागदावर रिकामी व्हती," ते म्हणाले. "मी लावलं कुलूप, अन् ते तुह्या घरची किल्ली निघाली. बेटा, मी चुकून शिरलो अन् गोंधळ घातला, म्हणून तुले दिसलो. जो जाणून शिरला असंल, तो असा गोंधळ घालंल काय? तो दोन अक्षरं बदलवून गुपचूप निघून जाईन."

हा प्रश्न माझा असायला हवा होता. मी तिथेच बाकावर लॅपटॉप उघडला, त्यांच्या फोनचं नेट जोडलं आणि आधी ते पान बंद केलं. मग शनिवारची प्रत काढून एकेक नोंद तपासली, कोणी केव्हा हात लावला ते पाहिलं. ते शेजारी बसून प्रत्येक नाव वाचत होते, हा अमक्या गावचा, हा तमक्याचा जावई, असं सांगत होते. दीड तास गेला. कुठे काही खटकलं नाही. आम्ही वाचलो होतो, आणि त्यात माझी हुशारी काडीचीही नव्हती.

"आता हे नीट कसं करशील?" त्यांनी विचारलं.

"वाक्य वेगळं पाठवायचं आणि नाव वेगळं. वाक्यात नुसती चौकट ठेवायची. चौकटीत जे येईल ते फक्त नाव. त्यात कोणी टिकली घालो, रेघा मारो, की 'व दीर नामदेव' लिहो, ते हुकूम म्हणून वाचायचंच नाही."

"छापील फॉर्मासारखं?"

"अगदी तसंच."

"किती येळ लागते याले?"

 दोन ओळींचं काम होतं. मी तिथेच त्यांच्यासमोर ते केलं, टिकली आणि रेघांसकट नाव टाकून पाहिलं. एकच जनकाबाई बदलली.

चाचा स्क्रीनकडे बघत म्हणाले, "बीटीच्या थैलीसंगं एक लहान पाकीट येते, साध्या बियाण्याचं. वावराच्या कडेनं पेरा म्हणतात, म्हणजे अळी बीटीले सरावत नाही. तुह्या फॉर्मात सवाल हाये, ते पेरलं व्हतं काय. साठ अर्जांत अठ्ठावन जनांनी 'हो' सांगतलं. मी लिवलं. खरं तं कोनी पेरत नाही, फेकून देतात."

त्यांना मला टोचायचं नव्हतं. पण माझ्याकडेही ते पाकीट आलं होतं. वाक्य वेगळं, नाव वेगळं, हे कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत मी त्यावर पानभर उत्तर लिहिलं होतं. चार दिवसांत काम संपवायचं होतं म्हणून फेकून दिलं.

मी सरांना फोन लावला. चूक सापडली, ती आपली आहे, असं सांगितलं.

"रेवती, हॅकर म्हणायचं ठरलंय," सर म्हणाले. "आपली चूक म्हटली तर पुढची कामं बोंबलली. तू तोंड उघडलंस तर मी तुला वाचवणार नाही."

"आणि ज्याचा नंबर आहे तो माणूस?"

"निर्दोष असेल तर सुटेल की."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मी फोन ठेवला. मला भयंकर राग आला होता, आणि रागाखाली भीती होती. वडिलांच्या निवृत्तीला सहा महिने होते, घरात माझाच पगार धरून बेत चालले होते. सवातीन झाले होते.

"चाचा, मला एक अर्ज लिहून द्या. मंडळाच्या सचिवांना."

त्यांनी मुकाट्याने कार्बन लावला. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. नाव दुरुस्तीचं पान मी लिहिलं. त्यात दोष होता. मदतनिसाने आपल्या नेहमीच्या रीतीने नाव भरलं, त्याचा कोणताही गुन्हा नाही. त्यांनी माझी भाषा दोन ठिकाणी सुधारली, ती खरंच सुधारली. मग कागद वाचायला दिला.

'सदर दोष माझ्याकडून नजरचुकीने राहिला', असं त्यांनी लिहिलं होतं.

"हे मी नव्हतं सांगितलं."

"ते लिवाच लागते, बेटा. अर्जात चूक कबूल केली की 'नजरचुकीने' टाकाचं. साहेब वाचतो, म्हणतो, हाव, व्हते असं मानसाकडून. त्या एका शब्दानं किती जनाच्या नोकऱ्या वाचल्या, तुले काय सांगू."

मी तो शब्द पाहत बसले. किती मऊ शब्द होता. डोळ्याचं नाव घेऊन हात सोडवून घेणारा. माझी नजर चुकली नव्हती. मला दिसलं होतं, आणि मी पुढे गेले होते.

"काढा तो," मी म्हटलं.

"पाहाय. कागदावरून शब्द गेला की परत येत नाही."

"घाईमुळे, माहीत असून, असं लिहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तो कागद बाजूला ठेवून पहिल्या ओळीपासून नवा लिहायला घेतला, कारण खाडाखोड असलेला अर्ज ते कोणाला देत नसत. त्या कागदाने महिनाअखेर माझी नोकरी गेली, ते इथेच सांगून टाकते. त्यावर रडायला मला नंतर पुष्कळ वेळ मिळाला.

चारला पाच कमी असताना उत्तमरावांची मोटारसायकल आली. उंच, घामेजलेला माणूस. गुरुवारच्या पाहणीसाठी सकाळपासून गावोगाव फिरत होते. बसलेही नाहीत. पोलिसांचा अर्ज उचलला आणि खिशातलं पेन काढलं.

"काका, आधी हा वाचा," मी माझा कागद पुढे केला.

त्यांनी उभ्यानेच वाचला. एकदा, मग पुन्हा. "माहीत असून?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. मी शेण खाल्ल्यासारखी उभी होते.

"तुह्यावालं मी पाह्यतो मंग," ते म्हणाले. "पन हा नंबर? हा कोन हाये? दुकानदाराचा मानूस नाही, हे तू कशावरून म्हनतं? नाही, हा अर्ज जाईनच. तुमी काय म्हनता, शकूरभाई?"

चाचांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा म्हातारा दिसला. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर करून मला थांबवलं. मग उत्तमरावांना म्हणाले, "तुमाले एवढा शक हाये, तं फोन लावून पाहा ना त्याले. दोन दिवसांत कोनी लावला बी नाही."

"लावतोच," उत्तमराव म्हणाले. "आवाजच आयकतो साल्याचा."

त्यांनी अर्ज डाव्या हातात धरला आणि कागदावर पाहून एकेक आकडा दाबला. शेवटचा आकडा दाबून फोन कानाला लावला.

टेबलावरचा, काचेला तडा गेलेला फोन वाजायला लागला.

कोणी उचलला नाही. उत्तमरावांनी टेबलाकडे पाहिलं, मग चाचांकडे. मग कानाचा फोन हळूच खाली घेतला आणि त्याच्या स्क्रीनकडे बघत राहिले. मी त्यांच्या कोपराशीच उभी होते, मलाही दिसलं. आकड्यांच्या जागी तिथे त्यांनी स्वतः कधीतरी साठवलेलं नाव आलं होतं: शकूरभाई, आपल्या घरचे.